इडलीपात्रातली मर्सिडीज

गेली चोवीस वर्षं मी इंजिनियर आहे. पगाराच्या चिठ्ठीवर तसं छापून येतं, लग्नपत्रिकेत नावाखाली तसं छापलं होतं, आणि कोल्हापुरात आमच्या गल्लीत 'त्यो बंगळूरला इंजिनियर हाय' एवढ्यावर माझी ओळख संपते. या चोवीस वर्षांत मी हाताळलेली इंजिनं सगळी पडद्यावरची. सर्च इंजिन, पेमेंट इंजिन, रूल इंजिन. त्यांना तेल लागत नाही, पाणी लागत नाही. बंद पडलं की परत चालू करायचं, आणि चालू झालं की का बंद पडलं होतं हे विचारायचं नाही, असा आमच्या धंद्यातला शिष्टाचार आहे.

खरं इंजिन उघडं पाहिलं ते गेल्या वर्षी पाडव्याच्या आसपास, जयनगरमधल्या आमच्या भाड्याच्या घराच्या पोर्चमध्ये. ते माझंच होतं आणि मीच उघडलं होतं. अक्षय्य तृतीयेला गाडी रस्त्यावर, असं मी घरात जाहीर केलं. कुठल्या वर्षीच्या, ते बोललो नाही, एवढाच काय तो माझा शहाणपणा.

गाडी मर्सिडीज. हा शब्द उच्चारला की समोरच्याचा चेहरा बदलतो, म्हणून लगेच सांगतो: १९९६ ची. किंमत एक लाख नव्वद हजार. बंगळूरमध्ये विजेवरची बरी स्कूटर करबीर धरून जवळपास तेवढ्यालाच पडते. पण स्कूटर घेतली असती तर मामाने कोल्हापूरहून फोन करून आधी अभिनंदन आणि मग पन्नास हजार उसने, असा क्रम लावला नसता.

तिचं घराणं जर्मन, पण जन्म पुणे जिल्ह्यातला. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये टेल्कोबरोबर भागीदारीत इथे कंपनी काढली आणि १९९५ पासून पुण्यात, टेल्कोच्या आवारात, गाड्या जोडायला घेतल्या. देशात जोडलेली पहिली मर्सिडीज ती हीच जात. चाकणचा कारखाना पुष्कळ नंतरचा, २००९ चा. डिकीवर ई-२२० असं लिहिलेलं असलं तरी जाणकार तिला तसं म्हणत नाहीत. ते डब्ल्यू-१२४ म्हणतात. नाव ई-२२०, गोत्र डब्ल्यू-१२४. दोन जाणकार भेटले की आधी गोत्र विचारतात, मग इंजिन, मग तेल किती खाते.

पुण्याचे संस्कार तिच्यात दिसतात. समोरच्या काचेला वायपर एकच. पण तो नुसता इकडून तिकडे जात नाही. मधेच हात आखडतो, कोपऱ्याशी लांब करतो आणि काचेचा ८६ टक्के भाग एकट्याने पुसून काढतो. एकात काम होतंय तर दुसरा कशाला, हा विचार सुचला जर्मनीत, पण पुण्यात तो कुणाला समजावून सांगावा लागला नसेल. हँडब्रेक हाताने नाही, पायाने दाबायचा. आणि चूक झाली तर गाडी काही बोलत नाही, फक्त आपल्याला आपली चूक कळेल इतपत गप्प बसते.

मर्सिडीज हे मुळात एका मुलीचं नाव. एमिल येलिनेक नावाच्या धनिकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गाड्यांना आपल्या लेकीचं नाव द्यायला लावलं. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ दया, कृपा असा काहीतरी. हे मी आईला फोनवर सांगितलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात गाडीचं नाव दयाबाई पडलं.

दयाबाईंचा आजार असा, की सकाळी किल्ली फिरवली की मागून निळा धूर. निळा म्हणजे तेल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. डॉक्टर जीभ बघतात तसा मेकॅनिक सायलेन्सर बघतो. समोरच्या घरातल्या आजी आमची गाडी चालू झाली की खिडक्या सताड उघडत. त्यांना ती पालिकेची डासांची फवारणी वाटे. सहाशे किलोमीटरला एक लिटर तेल जायला लागलं. मग एके दिवशी तेलाचं झाकण उघडलं तर आत फिल्टर कॉफीच्या रंगाचा फेस. बंगळूरमध्ये हा रंग कुठेही दिसला की माणूस आधी खूष होतो. तेलात पाणी आलंय, म्हणजे हेडचं गॅस्केट गेलंय, हे समजायला मला दोन दिवस लागले.

एका मोठ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथे बसायला सोफा होता, कॉफी आली. त्यांनी आकडा सांगितला. मी कप खाली ठेवला. घरी येताना मनात एकच वाक्य घोळत होतं: आपण इंजिनियर आहोत.

यानंतर काय करायचं ते सगळं जगाने चित्रित करून ठेवलंय. एक दाढीवाला माणूस बर्फात उभा राहून हेच इंजिन बावीस मिनिटांत खोलून, धुऊन, परत बांधतो. मधे तो एकदा खोकतो. मला तेवढं खोकायलासुद्धा रविवार पुरला नाही. पहिला रविवार फक्त रबरी नळ्या सोडवण्यात गेला. आणि प्रत्येक नळी सुटल्यावर ती कुठून सुटली हे लिहून ठेवायचं असतं, हे तिसऱ्या रविवारी कळलं.

इंजिन खाली उतरवायला एक उस्ताद आले. बंगळूरमध्ये जुना मेकॅनिक म्हणजे उस्तादच. पोर्चच्या तुळईला चेन ब्लॉक अडकवला आणि दीडशे किलोंच्या वरचं ते धूड गाडीच्या पोटातून वर उचललं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून घरमालक उतरले. "एन सार इदु?" हे काय साहेब, एवढंच म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर भाडेकरार फडफडला. पण ते तुळईकडे बघत नव्हते. इंजिनकडे बघत होते.

घरमालकांचं अख्खं आयुष्य एचएमटीच्या घड्याळांच्या कारखान्यात गेलं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने इथे बंगळूरमध्ये घड्याळं करायला घेतली. आपल्यातल्या कितीजणांच्या मनगटावर पास झाल्याचं पहिलं बक्षीस म्हणून ते घड्याळ चढलं असेल. दुसऱ्या दिवशी मालक डोळ्याला भिंग लावून आले. हातात मखमलीची पेटी. त्यातून त्यांनी मायक्रोमीटर काढला, घरातला एकुलता एक दागिना काढावा तसा. क्रँकशाफ्ट पुसून घेतला, तीन ठिकाणी मोजला, फिरवून परत तीन ठिकाणी मोजला आणि आकडे वहीत लिहिले. मी विचारलं, झिजलाय का? म्हणाले, "शतांश मिलिमीटरचा फरक आहे. तुमच्या मोटारवाल्यांना चालतो. आमच्याकडे याला खड्डा म्हणतात."

इथून पुढे आमच्या पोर्चमध्ये दोन पंथ झाले. एक मालकांचा, मायक्रोमीटर पंथ. दुसरा उस्तादांचा, त्याचं ब्रीद अख्ख्या बंगळूरचं आहे: स्वल्प अडजस्ट माडी. थोडं जुळवून घ्या. तिघांच्या बाकावर चौथा बसताना म्हणतात, रिक्षावाला मीटरवर तीस रुपये जास्त मागताना म्हणतो, लग्नात पंगत उठायच्या आधी पाठीमागे उभं राहणारे म्हणतात. उस्ताद पिस्टनच्या रिंगांच्या बाबतीत म्हणाले. रिंग सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजायची असते. मालकांच्या मते फट ठरल्यापेक्षा किंचित कमी होती. उस्तादांच्या मते इतकी वर्षं कुणी मोजली नव्हती तरी गाड्या धावतच होत्या. दोघे वीस मिनिटं भांडले, एक कन्नडमध्ये, एक दखनीत, आणि शेवटी एका बाय-टू कॉफीवर समेट झाला. रिंग कानशीने किंचित घासायची ठरलं. मोजली मालकांनी, घासली उस्तादांनी. मी कॉफीचे पैसे दिले.

रिंगा बसवतानाचा आणखी एक नियम मला फार आवडला. पिस्टनवर तीन रिंगा असतात आणि तिघींची तोंडं एका रेषेत आणायची नाहीत, तीन दिशांना ठेवायची. नाहीतर सगळा दाब त्या वाटेने निसटतो. परगावच्या कुठल्याही मराठी मंडळाची कार्यकारिणी बघितलीत तर हीच रचना आढळेल. मंडळं टिकली आहेत ती त्यामुळेच.

आता हेड. या इंजिनाला सिलिंडर चार आणि प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह. एकूण सोळा. नियम असा, की जो व्हॉल्व्ह ज्या घरातून निघाला त्याच घरात परत जायला हवा. लाखो किलोमीटर एकमेकांवर आपटून त्यांची जागा जमलेली असते. म्हणजे सोळा व्हॉल्व्ह क्रमाने ठेवायला काहीतरी हवं. पुठ्ठ्याला भोकं पाडा, असं व्हिडिओवाला म्हणाला. मी पुठ्ठा शोधायला स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावर इडलीपात्र दिसलं.

चार थाळ्या. प्रत्येक थाळीला चार खड्डे. चार चोक सोळा. जर्मनीतल्या कुणा माणसाने चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह असं आखताना समोर काय ठेवलं होतं हे मला सांगायची गरज उरली नाही. थाळ्या सुट्या करून ओळीने मांडल्या. पहिली थाळी पहिला सिलिंडर. व्हॉल्व्हचं आळंब्यासारखं डोकं खड्ड्यात अलगद बसलं, दांडी वर. पोर्चमध्ये काळ्या सोळा इडल्या उभ्या. फोटो काढला, ऑफिसच्या गटावर टाकला. तिथल्या एका इंजिनियरने विचारलं, हे कुठल्या हॉटेलातलं?

बायको चार दिवस डोसे करत होती. पाचव्या दिवशी ती पोर्चमध्ये आली, थाळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेली. रात्री जेवताना तिने मला बेर्था बेंझची गोष्ट सांगितली. ती तिने मुद्दाम शोधून वाचली होती.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझची ही बायको नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याची मोटार चालवत मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली. तोवर मोटारीने कुणी इतक्या लांब गेलं नव्हतं. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. एक वायर उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर कातडं मारून घेतलं. "आणि," बायको म्हणाली, "धंदा बुडायला आला होता तेव्हा तिने लग्नात मिळायचे पैसे आधीच मागून घेऊन त्याला दिले होते. त्यातलं मी काही करणार नाहीये. पण टोपीच्या पिनेने जे झालं त्याला तुला माझं पात्र अडकवून पाच दिवस का लागतायत, एवढंच विचारते."

तिने आणखी एक हिशेब मांडला. बेर्थाची गाडी ताशी फार तर १६ किलोमीटर धावायची. २०२२ सालच्या एका मोजणीत बंगळूरच्या मध्यभागात दहा किलोमीटरला सरासरी एकोणतीस मिनिटं लागली, म्हणजे ताशी साधारण वीस. "आपल्या गाडीत दीडशे घोडे आहेत म्हणतोस," ती म्हणाली. "त्यातले दोन-तीनच बांधून बघ. बाकीचे इथे नुसते उभेच राहतात."

मी विषय बदलला.

पुढचे रविवार सुट्या भागांच्या शोधात गेले. बंगळूरमध्ये त्यासाठी दोन तीर्थं आहेत. पहिलं जे. सी. रोड, म्हणजे जयचामराजेंद्र रोड, म्हैसूरच्या शेवटच्या महाराजांच्या नावाचा. महाराज कर्नाटक संगीतातल्या रचना करायचे. त्यांच्या रस्त्यावर एका बाजूला रवींद्र कलाक्षेत्र आहे आणि बाकी सगळीकडे क्लच प्लेटा. तिथल्या मागच्या गल्लीत हेड घासून सपाट करून देणारा लेथवाला. इंजिन तापलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, किंचित, डोळ्याला दिसणार नाही इतकं. लेथवाल्याने हेड ठेवून घेतलं आणि म्हणाला, "नाळे बन्नि." उद्या या.

१९९० च्या सुमारास बंगळूरमध्ये एका भुताची वदंता होती. ते रात्री दारावर थाप मारी, घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारी, आणि दार उघडलं की संपलं. म्हणून लोकांनी दारांवर लिहून ठेवलं, 'नाळे बा', उद्या ये. भूत वाचून परत जाई. दुसऱ्या दिवशी येई, परत तेच वाची. मला ही गोष्ट लोककथा वाटत होती. ती हेड घासायला टाकलेल्या कुणाचा तरी आत्मा असणार. मी सतरा दिवस ते वाचलं.

दुसरं तीर्थ शिवाजीनगरची गुजरी. गुजरी म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर महाद्वाराजवळची सराफी गल्ली उभी राहते, साज, ठुशी, पुतळ्यांची माळ. बंगळूरमध्ये गुजरी म्हणजे भंगार. गाड्यांची दारं, स्टिअरिंग, दिवे, जगात कुठेही मिळणार नाहीत अशी प्लास्टिकची झाकणं. भाव मात्र दोन्ही गुजऱ्यांत सारख्याच गंभीर चेहऱ्याने सांगतात. मला इथे परकं वाटलं नाही त्याचं कारण भाषा. दुकानदार म्हणाला, "वो नक्को सार, ये लेव. ओरिजनलइच है." आपलं नको आणि आपला च, दोन्ही दखनीत शिरून इथे ठाण मांडून बसलेत, शहाजीराजांच्या जहागिरीची आता तेवढीच खूण शिल्लक असावी. मी मराठीत घासाघीस केली, त्याने दखनीत केली, आणि थर्मोस्टॅटचं घर निम्म्या किमतीत मिळालं. घरी आणून बघितलं तर ते ओरिजनलच होतं, फक्त दुसऱ्या गाडीचं.

ऑगस्टमध्ये गौरी-गणपतीसाठी आई आली. दोन दिवस ती पोर्चमधून ये-जा करताना थाळ्यांकडे तिरक्या नजरेने बघत होती. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो.

संध्याकाळी आलो तर थाळ्या लखलखीत धुऊन, एकात एक रचून ओट्यावर. माझ्या पोटात खड्डा पडला. "आई, त्यातलं काय केलंस?"

"कसलं मेलं काळंकुट्ट होतं रे! रात्री सोड्यात भिजत घातलं, सकाळी राखेनं घासलं. पुष्कळ वेळ लागला एकेकाला." तिने फळीवरून दोन डबे काढले, स्टीलचे, घट्ट झाकणाचे. "हे बघ. मोठे आठ ह्यात, लहान आठ ह्यात. तू नुसते मिसळून ठेवले होतेस."

आईचं वर्गीकरण अचूक होतं. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह आकाराने मोठे, धूर बाहेर सोडणारे लहान. फक्त कुठला मोठा कुठल्या घरातला, हे आता दयाबाईंनाही सांगता आलं नसतं. मी पायरीवर बसलो. मालक खाली आले, भिंग लावून एक व्हॉल्व्ह उलटसुलट बघितला आणि आईकडे वळून, मान लववून नमस्कार केला. म्हणाले, कारखान्यात एवढी सफाई करणाऱ्याला आम्ही बढती द्यायचो. मग मला म्हणाले, रडू नका. सगळे नव्याने घासून बसवा. नवं नातं जमेल.

व्हॉल्व्ह घासणं म्हणजे असं: काठावर दळणाची पेस्ट लावायची, व्हॉल्व्ह त्याच्या घरात ठेवायचा, टोकाला रबरी वाटी असलेली लाकडी काठी त्याच्या डोक्यावर चिकटवायची आणि काठी दोन तळहातांत धरून पुढे-मागे फिरवत राहायचं. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांवर राखाडी, एकसारखं कडं उमटलं की झालं. पहिल्या दिवशी मी अर्धा तास फिरवलं. कडं उमटलं ते अर्धचंद्रासारखं. हाताला फोड.

आई दारात वाती वळत बसली होती. "असं घुसळून लोणी येईल का जन्मात?" म्हणाली. "सरक."

तिने काठी घेतली. ती रवीच होती, फक्त आखूड. खांदे सैल, मनगटं मोकळी, वर-खाली नाही, नुसतं फिरवणं. दहा-बारा फेरे झाले की काठी किंचित उचलायची, पाव फेरा वळवायची, परत टेकवायची. आवाज बदलत गेला. आधी खरखर, मग सूंऽ असा एकसुरी. "आवाज बदलला की थांबायचं," आई म्हणाली, "ताकाचंही तसंच असतंय." मी फोनवर तो व्हिडिओ काढून बघितला. दाढीवाला माणूस अगदी हेच करत होता, उचलून, पाव फेरा वळवून. मनगटं मात्र त्याची ताठ होती.

आठ संध्याकाळी गेल्या. बहुतेक सिलिंडर आईने घुसळले, एक मी, हट्टाने. मग परीक्षा. हेड उलटं ठेवायचं, चारही वाट्यांत रॉकेल ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी पातळी तशीच असेल तर व्हॉल्व्ह घट्ट बसले. बंगळूरमध्ये आता रॉकेल मिळवणं म्हणजे गुजरीत सोनं शोधण्यासारखं. मालकांनी रेशनच्या काळात जपून ठेवलेली बाटली काढली. सकाळी सगळे जमलो. पहिल्या वाटीत काठोकाठ. दुसऱ्या, चौथ्या तशाच. तिसरी रिकामी, खाली फरशीवर डाग.

तिसरा मी घुसळला होता.

आईने काही न बोलता पदर खोचला.

बांधणीचं मी फार सांगत नाही. त्यात वाचण्यासारखं काही नाही, फक्त पाठ धरते. एक हेडच्या बोल्टांचं सांगतो. हे बोल्ट आवळताना ताणले जातात, रबरासारखे, आणि त्या ताणावरच हेड दाबून धरलेलं राहतं. म्हणून आधी ते मोजायचे, ठरल्यापेक्षा लांब झालेला बोल्ट फेकून द्यायचा. मग टॉर्क पान्याने ठरलेल्या जोरापर्यंत आवळायचं, नंतर प्रत्येकाला नव्वद अंश, आणि पुन्हा नव्वद अंश. मी मुलीच्या कॅम्लिनच्या कंपासपेटीतून कोनमापक घेतला. ती आठवीत आहे. पाना फिरवत मी ओरडायचो, "किती झाले?" आणि ती डोळा बारीक करून सांगायची, "अठ्ठ्याऐंशी. अजून. अजून. एक्क्याण्णव, बाबा!" चौथ्या बोल्टाला ती थांबली. "काटकोनाला कोनमापक कशाला? गुण्या लावू ना." तिने गुण्या लावला. बाकीचे बोल्ट दहा मिनिटांत झाले. चोवीस वर्षं मी इंजिनियर आहे, हे वर सांगितलंच.

खर्चाचा हिशेब दसऱ्याच्या आधी बायकोने केला. गॅस्केटांचा संच, रिंगा, बेअरिंगं, हेड घासणं, दुसऱ्या गाडीचं ओरिजनल थर्मोस्टॅटचं घर, मग आपल्या गाडीचं, उस्ताद, कॉफी. तीन लाखाला बाराशे कमी. ती काही म्हणायच्या आत मी इतिहास काढला. १६३८ मध्ये बंगळूर शहाजीराजांच्या हाती आलं आणि पुढे त्यांचे पुत्र एकोजीराजांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाखांना द्यायचं ठरवलं. १६८७ साली मध्येच मोगल घुसले, तरी त्यांनीही ते म्हैसूरकरांना त्याच तीन लाखांना दिलं. "म्हणजे," बायको म्हणाली, "एवढ्यात अख्खं बंगळूर येत होतं, आणि तू इंजिन घेतलंस." आमच्या घरात इतिहास काढायची सोय नाही.

खंडेनवमीला इथे आयुधपूजा. त्या दिवशी बंगळूरमध्ये एकही वाहन उघडं दिसत नाही. बसपासून सायकलीपर्यंत सगळ्यांना केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर कुंकू भरलेले फुटलेले कोहळे. दयाबाईंनाही खुंट बांधले. चारही चाकांखाली एकेक लिंबू. आईने बॉनेटवर स्वस्तिक काढलं. उस्ताद नवा शर्ट घालून आले. मालक हातात वही घेऊन.

नवं बांधलेलं इंजिन एकदम चालू करायचं नसतं. आधी पेट्रोल बंद ठेवून नुसतं फिरवायचं, तेल सगळीकडे चढेपर्यंत. या गाडीला तेलाच्या दाबाचा वेगळा काटा आहे, शून्य ते तीन. मी किल्ली फिरवली. सगळ्यांची डोकी खिडकीतून आत. काटा शून्यावर. फिरवत राहिलो. शून्य. समोरच्या आजींनी सवयीने खिडक्या उघडल्या. मग काटा हलला. एक, दीड, दोन, आणि जाऊन तीनवर टेकला. पेट्रोल सोडलं. दोनदा खोकली आणि लागली. धूर आला तो माझ्या बोटांचं तेल सायलेन्सरवर जळत होतं त्याचा, पाच मिनिटांत थांबला. मालकांनी वहीत वेळ लिहिली. आईने डोळ्यांना पदर लावला, पण ते कुंकवाने चुरचुरत होते, असं ती म्हणते.

गाडी पुढे घेतली, चारही लिंबं चिरडली, ब्रेक लावला. पहिला प्रवास दीड फूट. त्यापुढे गल्लीच्या तोंडाशी पूजेच्या गाड्यांची रांग लागली होती, ती संध्याकाळपर्यंत हलली नाही.

आता गाडी बरी आहे. तेल खात नाही. ऑफिसला मी मेट्रोने जातो. बायकोने नवं इडलीपात्र आणलं आहे, सहा थाळ्यांचं, म्हणजे मी त्यात काही ठेवायला गेलो तरी हिशेब जुळणार नाही. जुनं, चार थाळ्यांचं, कुणाला हवं असल्यास खुशाल घेऊन जावं. आईने राखेने घासलेलं आहे. सोळा घरं, रॉकेल ओतून बघितलेलं नाही.